पाठच्या भावासाठी

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईचा पाठचा भाऊ बसच्या गॅरेजात मेकॅनिक होता. इंजिनात डोकं घातलं तरी त्याचं तोंड चालूच, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणायचे. एका मोठ्या आजारपणात त्याच्यावर अँटिबायोटिक्सचा मारा झाला. जीव वाचला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच, आणि हळूहळू माणूसच मिटत गेला. काम सुटलं, बोलणं सुटलं. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्याही बदलून झाल्या. तो आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मग इस्पितळात एका प्रयोगासाठी रुग्ण हवे असल्याचं कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला समजावलं, "आतड्यातले जिवाणू काही रसायनं तयार करतात. त्यांचा मेंदूतल्या सुजेशी, उदासीशी संबंध असावा, असं वाटतंय. खात्री नाही. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू तुमच्या भावाच्या पोटात सोडून बघायचे."

"माझे घ्या," ताई म्हणाली.

तपासण्यांत ती पास झाली. तिनं भावाला सांगितलं, तेव्हा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "लोक बहिणीकडून मूत्रपिंड घेतात गं. माझ्या नशिबी हे!"

ताईला हसू आवरेना आणि रडूही.

उपचारानंतर काही आठवड्यांनी त्यानं ताटात पुन्हा भाजी मागून घेतली. एकदा गॅरेजमधल्या साहेबाची नक्कलही केली. ताईनं मशीन थांबवून ती डोळे भरून पाहिली. मग पुन्हा ताट तसंच राहू लागलं. पुन्हा भिंत.

ती इस्पितळात धावली. "बाई, परत घ्या ना माझे. हवं तर रोज देते."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "प्रयोग संपला हो, ताई. काहींना बरं वाटलं, काहींना नाही. का, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही."

"म्हणजे माझंच काही कमी पडलं?"

"नाही हो. असं मनातही आणू नका."

पण ते मनात येऊन बसलंच होतं.

पुढे गॅरेजनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. ताई तिथून भावाची हत्यारांची पेटी घेऊन आली. जड होती, जिन्यात दोनदा टेकवावी लागली. तिनं ती त्याच्या उशाशी ठेवली.

"तिकडे कोपऱ्यात ठेव," तो मान न वळवता म्हणाला.

ताईनं ठेवली. मग मशीन खिडकीकडे फिरवलं, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली. टाका सरळ पडत नव्हता.