बंद गाडी आणि काढून टाकलेला ड्रायव्हर

खून, दरोडे, अपहरणं, सगळं नोकरीत पाहिलं. तरी जुनी एखादी केस सांगा असं कोणी म्हटलं की मला पहिल्यांदा आठवते ती बालाघाटच्या एका पोर्चमध्ये उभी असलेली, सुरू न होणारी गाडी.

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. मी शहरातल्या ठाण्यात टी.आय., म्हणजे ठाण्याचा प्रमुख निरीक्षक होतो. एका सकाळी गावातले एक ज्येष्ठ वकील ठाण्यात आले. सोबत कोर्टातले तीन-चार सहकारी. तक्रार घरूनच लिहून आणली होती, कलमांसह.

प्रकरण असं होतं. वकीलसाहेबांच्या पत्नीला दम्याचा जुना त्रास. आदल्या दिवशी सकाळी त्यांना जोराचा झटका आला. पंपानं उतार पडेना. वकीलसाहेबांनी त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, चावी फिरवली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं. बाई मागच्या सीटवर श्वासासाठी तडफडत होत्या. शेवटी शेजाऱ्यानं पळत जाऊन ऑटो आणला आणि त्या जिल्हा रुग्णालयात पोहोचल्या. ऑक्सिजन लागला तेव्हा ओठ निळे पडले होते. वाचल्या.

वकीलसाहेबांचा संशय त्यांच्या ड्रायव्हरवर होता. लालबर्रा रोडवरच्या एका खेड्यातला माणूस, बरीच वर्षं त्यांच्याकडे होता. उशिरा येण्यावरून वाद झाला, त्यानं उलट उत्तर दिलं, म्हणून त्यांनी त्याला तडकाफडकी काढलं होतं. त्यानंतर दोनच दिवसांत हा प्रकार.

"माझी बायको मेली असती, टीआय साहेब," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "हा जीव घ्यायचा प्रयत्न आहे. त्याले आत्ताच्या आत्ता अटक करा."

मी अर्ज घेतला, रोजनामच्यात नोंद केली आणि सांगितलं, "आधी चौकशी होईल. अटक लागली तर मीच करीन."

दुपारपर्यंत आमच्या हवालदारानं खबर आणली. वकीलसाहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. झटक्याच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हर तिथे थांबला होता आणि चारचौघांत म्हणाला होता, "आता पाहू, साहेब गाडी कसी चालवते ते!" मग तो आत गेला. पानठेलेवाल्यानं ठेल्यावरूनच त्याला पोर्चमधल्या गाडीपाशी वाकलेलं पाहिलं होतं.

ड्रायव्हरला बोलावलं. तो बायकोसोबत आला. ती बाहेर व्हरांड्यात बसून राहिली.

"त्या संध्याकाळी वकीलसाहेबांकडे गेला होतास?"

"नाई साहेब. म्या गेलोच नाई."

मी पानठेलेवाल्याला समोर उभं केलं. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, जणू काम झालंच. पण खोटं बोलला म्हणजे गुन्हा केला, असं मी कधी धरत नाही. निर्दोष माणूसही ठाण्यात पहिल्यांदा खोटंच बोलतो, कारण त्याला खऱ्याचा भरवसा नसतो.

"खोटं काहून बोलला?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"पोलिसानं विचारलं का मानूस नाईच म्हनते, साहेब. हौ, गेलतो. माह्याकडं एक चावी होती, ते वापस कराले गेलतो. वहिनीच्या हातात देल्ली. द्यायच्या आंधी डिक्कीतला माहा डबा काहाडला. बस."

"आणि ते बोलणं?"

"रागात बोललो. साहेबाले रिव्हर्स घेता येत नाई, मून बोललो. वहिनीले मी कायले मारू? माह्या पोरीच्या लग्नात त्याच उभ्या होत्या."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. डोळे भरणं हाही पुरावा नाही, तेही मी पाहिलेलं आहे. त्याला ठाण्यात बसवून ठेवलं आणि मी गाडी पाहायला निघालो.

वकीलसाहेबांचं म्हणणं होतं की गाडी मेकॅनिकला दाखवून झाली आहे. बॅटरी चांगली, पेट्रोल येतंय, वायर कुठं कापलेली नाही. उलट त्याच्या हातात ती पहिल्याच फेरीत सुरू झाली. "म्हणजे मधल्या वेळात कोणी तरी येऊन सरळ करून गेलं," हा त्यांचा तर्क. मला मात्र तिथंच शंका आली. सूड घेणारा माणूस केलेली खोडी दुरुस्त करायला परत येत नाही.

मी वकीलसाहेबांनाच गाडी सुरू करायला सांगितलं. त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. समोरच्या काचेखाली चावीच्या चिन्हाचा लाल दिवा लुकलुकत होता. जबलपूरला असताना एका वाहनचोरीत मी हा दिवा पाहिला होता. या नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. गाडीनं ती ओळखली नाही की दिवा लुकलुकतो आणि इंजिन चालू होत नाही. म्हणजे बिघाड इंजिनात नव्हता. गाडी आपल्या मालकाच्याच चावीला ओळखत नव्हती.

बाई रुग्णालयातून घरी आल्या होत्या, व्हरांड्यात खुर्चीवर बसून ऐकत होत्या. मी त्यांना विचारलं, "वहिनी, मेकॅनिकला चावी कोणी दिली?"

"मीच पाठवली न, भाऊ. घरी आल्या आल्या."

"हाच जुडगा?"

"नाही. यात कपाटाच्या चाव्या आहेत. परक्याच्या हाती कसा देऊ? गाडीची एक चावी काढून दिली. वापस आली तशी पुन्हा यातच अडकवली."

"एक? म्हणजे यात गाडीच्या दोन आहेत?"

"हौ. ड्रायव्हरनं वापस केली ते मीच यात अडकवली. हरवू नये म्हणून."

मी जुडगा हातात घेतला. गाडीच्या दोन्ही चाव्या एकमेकींना चिकटून लोंबत होत्या. एक सोडवली, दुसरी घेऊन स्वतः सीटवर बसलो. पहिल्या फेरीत इंजिन सुरू. बंद केलं, दोन्ही परत अडकवल्या. लाल दिवा, इंजिन गप्प. मग आधी सोडवलेली चावी पुन्हा सुटी करून एकटीच लावली. सुरू. कितीतरी वेळा करून पाहिलं. एखाद्या वेळी दुसरी चावी लांब लोंबली तर दोन्ही असूनही सुरू व्हायची, जवळ आली की नाही. नागपूरच्या एका गॅरेजला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, दोन चिपा शेजारी आल्या की गाडीचा गोंधळ होतो, एकीचंही नीट वाचता येत नाही.

वकीलसाहेब गाडीच्या दाराशी उभे होते.  आधी बोलल्या त्या बाई.

"म्हणजे मीच अडकवली ते चावी," त्या हळूच म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तो कुठं आहे आता?"

"ठाण्यात."

"मग बसले काहून? जा न."

वकीलसाहेब माझ्यासोबत जीपमधून आले. ड्रायव्हरची बायको अजून व्हरांड्यातच होती. तिच्यासमोरून मान खाली घालून ते आत गेले. ड्रायव्हर उठून उभा राहिला. वकीलसाहेब म्हणाले, "माझं चुकलं. उद्यापासून ये कामावर."

 तो म्हणाला, "वहिनीले भेटाले येईन, साहेब. कामाले नाई." पुढे भरवेलीला खाणीतल्या साहेबलोकांची गाडी चालवायला लागला, असं ऐकलं.

अर्ज निकाली काढताना मी तो पुन्हा वाचला. ड्रायव्हरला काढलं होतं, खरं. तो धमकीसारखं बोलला होता, खरं. आदल्या संध्याकाळी तो गाडीपाशी होता, खरं. सकाळी गाडी सुरू झाली नाही, तेही खरं. आणि त्याला काढलं नसतं तर गाडी बंद पडलीच नसती, हेसुद्धा खरं. कोर्टात यातल्या एकाही गोष्टीला तडा गेला नसता.

त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी एकच सांगत आलो. कोणी केलं हे शोधायच्या आधी, कोणी काही केलंय का हे पाहा. त्या अर्जातली सगळी वाक्यं खरी होती, आणि त्या माणसानं काहीही केलं नव्हतं.