कादंबरीतली रिकामी भांडी

वितळलेले चीज, त्याखाली पिवळ्या स्क्वॉश भोपळ्याच्या चकत्या, वर लोण्यात परतलेला खाऱ्या बिस्किटांचा चुरा, असा ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल. स्टाफ किचनचे दार उघडताना तो वास मला आजही आठवतो. लायब्ररीचा स्वतःचा वास निराळा असतो: जुना डिंक, तापलेला कॉपियर, कार्पेटमध्ये मुरलेली दमट हवा. त्या दुपारी ते सगळे वास मागे सरकले होते आणि आमचा मॅनेजर डेव्हिड नाक वर करून दारात उभा होता.

"मेधा, इथे कोणी स्वयंपाक करतंय का?"

"गरम करतेय फक्त. मिस इव्हलिननं कॅसरोल आणलाय."

"प्रोग्रॅमच्या रिक्वेस्टमध्ये फूड नव्हतं."

"प्रोग्रॅमसाठी नाहीये तो. घरात माणूस गेलं की शेजारी आणतात, तो आहे."

डेव्हिडचा आवाज एकदम खाली आला. "कोण गेलं?"

"नलिनीकाकूंचे मिस्टर."

"ओह नो. कधी?"

"दोन वर्षांपूर्वी."

डेव्हिडने ओव्हनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दार लोटून घेतले. तो भला माणूस आहे. न समजलेल्या गोष्टीत तो सहसा पडत नाही.

(इथले बरेचसे बोलणे इंग्रजीत झाले. मी ते मराठीत देते आहे. सूर जमेल तितका राखला आहे.)

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या लायब्ररीत मी प्रौढ वाचकांचे कार्यक्रम पाहते. आमच्याकडे या कामाला 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात. गाव सगळे आयटीतले. त्यामुळे पार्टीत कुणीतरी "कुठल्या लँग्वेजमध्ये?" असे विचारतेच. मी "मराठीत" म्हणून सांगते. ते एका अर्थी खरेच आहे. पुण्याला मी मराठी कवितेत एम.ए. केले. त्या पदवीचा इथे एवढाच उपयोग झाला की माणसे बोलताना काय गाळतात, तिकडे माझे लक्ष आपोआप जाते.

माझ्याकडे दोन वाचनगट होते. सकाळच्या गटात इथल्या मूळच्या वयस्कर स्त्रिया. त्यांच्या म्होरक्या मिस इव्हलिन. या भागात वयाने मोठ्या बाईला पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, मग ती पणजी का असेना. आपल्या 'ताई', 'काकू'च्या इतके जवळचे संबोधन मला या देशात दुसरे सापडले नाही. संध्याकाळच्या गटात आपल्याकडच्या बायका. त्यांत नलिनीकाकू. नागपूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि आता त्या मुलाकडे राहत होत्या. गाडी न चालवणाऱ्या माणसाला कॅरीत कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही. आठवड्यात हा एकच कार्यक्रम काकूंच्या मालकीचा होता. त्यासाठी त्यांना आणायची-पोहोचवायची रश्मी, पुण्याची, एका फार्मा कंपनीत टेस्टिंग करणारी.

दोन्ही गट आटले होते. ते ज्या खोलीत भरत, तिथे डेव्हिडला थ्रीडी प्रिंटर बसवायचा होता. त्याने मला बोलावून सांगितले, "दोन्ही गट एकत्र कर. पुढच्या तिन्ही मीटिंगना दहा जण आले तर खोली तुमची. नाहीतर प्रिंटरची."

एकत्र केलेल्या गटासाठी पुस्तक मी अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडले. आमच्याकडे 'बुक क्लब किट' असते, म्हणजे कापडी पिशवीत एकाच पुस्तकाच्या डझनभर प्रती. त्या आठवड्यात एकच पिशवी कुणी नेलेली नव्हती. तिच्यावर लेबल होते: सदर्न विमेन्स फिक्शन. ज्या कादंबरीत बाईचे आयुष्य असते ती विमेन्स फिक्शन. ज्या कादंबरीत पुरुषाचे आयुष्य असते तिला नुसतीच कादंबरी म्हणतात. गोष्ट दक्षिणेकडच्या राज्यांत घडत असली की आधी 'सदर्न' लागते आणि मुखपृष्ठावर व्हरांडा येतो. व्हरांड्यात पाठमोरी बाई. चेहरा का दाखवत नाहीत, असे मी एकदा प्रकाशकाच्या माणसाला विचारले होते. "वाचकानं तिथं स्वतःचा चेहरा घालावा म्हणून," तो म्हणाला होता.

गोष्ट साधी होती. शहरात राहणारी मुलगी आईच्या मृत्यूनंतर जॉर्जियातल्या आपल्या गावी येते. शेजारणी रिवाजाप्रमाणे एकेक भांडे भरून अन्न आणतात. मुलगी ते चाखतही नाही. सगळे कचऱ्यात घालते, भांडी घासते, पहाटे ज्याच्या त्याच्या दारात ठेवते, घर विकते आणि निघून जाते.

पहिल्या मीटिंगला डझनभर जणी आल्या आणि मते त्याहून जास्त आली.

"सॉरी, पण पहिली शंभर पानं नुसता व्हरांडा आहे यार," रश्मी म्हणाली. "काही घडतच नाही."

"हनी," मिस इव्हलिन म्हणाल्या, "जे घडायचं ते व्हरांड्यातच घडतं."

त्यांच्या एका मैत्रिणीला तीनदा रडू आले होते. दुसरीने पुस्तक अर्ध्यावर मिटले होते, कारण त्यातली आई कॉर्नब्रेडमध्ये, म्हणजे मक्याच्या पावात, साखर घालते. "जॉर्जियात? शक्यच नाही." आमच्यापैकी एकीला नायिका फार धीट वाटली, तिच्या शेजारी बसलेलीला फार बावळट.

मग गाडी त्या भांड्यांवर आली.

"भांड्यांच्या बाबतीत त्या मुलीनं जे केलं ना, ते सगळ्यांत वाईट," काकू आपल्या तोलूनमापून बोललेल्या शालेय इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला क्षमा नाही."

मिस इव्हलिन खुर्चीत पुढे सरकल्या. "बरोब्बर! माझ्या ओळखीतल्या एकाही बाईनं असं केलं नसतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. दिवसभरातले ते पहिले एकमत. मिस इव्हलिन बोलत होत्या फेकलेल्या अन्नाबद्दल. काकू बोलत होत्या रिकाम्या परत केलेल्या भांड्यांबद्दल. मला ते कळत होते. पण जमलेले एकमत मॉडरेटरने मोडू नये, असे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात.

मग काकू म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात आणून देतात. माझे मिस्टर इथे गेले. मुलाचे मित्र आले, बसले, रडले. चांगली मुलं आहेत. जेवण ॲपवरून आलं, कागदी डब्यांत. कुणाचं भांडं माझ्या घरी आलं नाही."

नायिकेचा विषय त्या दिवशी तिथेच मिटला.

दोनच दिवसांनी मिस इव्हलिनचा मला फोन आला. "मिस नलिनी अंडं खातात का?" मी नाही म्हटले. "चीज?" चालते. "ठीक," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तर दुसऱ्या मीटिंगच्या दुपारचा तो वास त्या कॅसरोलचा होता. काचेचे लांबट भांडे. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचे नाव, कारण शोकाच्या घरी एका वेळी दहा भांडी येतात आणि ती ओळखू यावी लागतात. मिस इव्हलिननी ते काकूंसमोर ठेवले.

"तुमचे मिस्टर गेल्याचं मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला. मला माहीत नव्हतं."

काकूंनी भांड्याच्या कडेला दोन्ही तळवे लावले. काच चांगली गरम होती. त्यांनी हात बराच वेळ काढले नाहीत.

इथवर सगळे एखाद्या सदर्न विमेन्स फिक्शनमध्ये शोभेल असे चालले होते. पुढच्या सोमवारी रश्मी ते भांडे घेऊन माझ्या डेस्कवर आली. झाकण उचलण्याआधीच मला कळले. साजूक तुपात भाजलेले बेसन, वेलदोडा. भांडे काठोकाठ लाडवांनी भरले होते.

"काकूंनी रविवार घालवलाय यावर," रश्मी म्हणाली. "मला एक पण दिला नाही, यार. मोजून भरलेत म्हणे."

दुपारी मिस इव्हलिन पुस्तके परत करायला आल्या. मी भांडे पुढे केले. त्यांनी झाकण उघडले.

"हे काय आहे?"

"लाडू. नलिनीकाकूंनी केलेत."

"अस्सं," त्या म्हणाल्या, झाकण फार हळू बसवले आणि भांडे घेऊन गेल्या.

संध्याकाळी व्हॉइसमेल आला. गुरुवारी येणे जमणार नाही, क्षमस्व. आवाज मऊ होता, आणि त्या मऊपणानेच मी घाबरले. मिस इव्हलिनच्या लांबलचक गाडीतून त्यांच्या तीन मैत्रिणी येत असत. त्या आल्या नाहीत तर चौघी नाहीत. चौघी नाहीत तर दहा नाहीत. मग काकूंचा गुरुवार प्रिंटरला जाणार.

काकूंना मी फोनवर एवढेच सांगितले की मिस इव्हलिन कदाचित येणार नाहीत.

"का गं? लाडू कडक झाले का? येऊन का नाही राहिल्या त्या?"

"लाडू छान होते, काकू."

"मग?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मिस इव्हलिनच्या घरी गेले.

त्यांच्या घराला व्हरांडा होता. छताचा पंखा प्रत्येक फेऱ्यात एकदा कुरकुरत होता आणि झाडांत रातकिडे करवत चालवल्यासारखे ओरडत होते. त्यांनी बर्फ घातलेला गोड चहा दिला. लाडवांचे भांडे आतल्या टेबलावर दिसत होते. एकही लाडू हलला नव्हता.

"मी ते मृत्यूसाठी नेलं होतं," त्या म्हणाल्या. "मृत्यूच्या अन्नाची परतफेड करत नाहीत, मेधा. आभाराच्या दोन ओळी, घासलेलं भांडं, बस. तिनं माझं देणं फेडून टाकलं. चार दिवसांत. मला कळतं हो, कुणाला काय नको असतं ते."

"मिस इव्हलिन, आमच्याकडे हे बरोबर उलटं आहे. रिकामं भांडं परत करणं म्हणजे व्यवहार मिटवणं. आमचं तुमचं संपलं, असं. घरात काहीच नसेल तर बायका चमचाभर साखर घालतात, पण रिकामं देत नाहीत."

मिस इव्हलिननी आतल्या भांड्याकडे वळून पाहिले.

"म्हणजे कादंबरीतल्या त्या मुलीवर मिस नलिनी चिडल्या होत्या, ते..."

"तिनं भांडी रिकामी परत केली म्हणून."

"अन्न फेकलं म्हणून नाही?"

"त्याबद्दल काकूंचं म्हणणं होतं, चव आवडली नसेल बिचारीला."

मिस इव्हलिन हसल्या नाहीत. "आणि मला वाटत होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "की त्या अख्ख्या पुस्तकात त्या पोरीनं शिस्तीत केलेली तेवढी एकच गोष्ट." मग त्यांनी माझा चहाचा ग्लास उचलला. माझी भेट संपली होती. गुरुवारचे त्या काही बोलल्या नाहीत आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

गुरुवारी डेव्हिड दारात उभा राहून डोकी मोजत होता. आठ. काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. मांडीवर कादंबरी होती, उघडलेली नव्हती. डेव्हिडने घड्याळ पाहिले. मी खुर्च्या पुन्हा सरळ केल्या. त्या सरळच होत्या.

तेवढ्यात पार्किंगमध्ये ती लांबलचक गाडी वळली. चौघी उतरल्या. सर्वांत मागे मिस इव्हलिन, हातात तेच भांडे. खोलीत शिरताना त्यांच्याआधी वास आला: जळायच्या बेतापर्यंत नेलेली साखर आणि अक्रोडासारखे पेकन. त्यांनी भांडे काकूंच्या मांडीवर, कादंबरीच्या वरच ठेवले. काकूंनी झाकण किलकिले केले आणि मान डोलावली, वर्गात एखाद्याने नकाशा बरोबर भरल्यावर डोलावत असतील तशी.

"लाडू?" काकूंनी विचारले.

"दोन खाल्ले. बाकीचे माझ्या मैत्रिणींनी गाडीत संपवले. सीटवर सगळा भुगा आहे."

त्यानंतर पुस्तकाची चर्चा झाली आणि कुणाचेही मत तसूभर बदलले नाही. रश्मी व्हरांड्याला कंटाळलेलीच राहिली. कॉर्नब्रेडमधली साखर अक्षम्यच राहिली.

"रिपोर्टमध्ये रेटिंग लागतं," डेव्हिड नंतर म्हणाला. "आवडलं का त्यांना पुस्तक?"

"निम्म्यांनी पाच तारे दिलेत, निम्म्यांनी एक."

"म्हणजे तीन," तो समाधानाने म्हणाला आणि लिहून मोकळा झाला.

तीन तारे खोलीतल्या एकीनेही दिले नव्हते. रिपोर्टमध्ये मात्र तेच आहेत. कुणाला खोटे ठरवता येणार नाहीत. प्रिंटर नंतर कॉपियरच्या शेजारी बसवला, तिथे तो दिवसभर प्लास्टिकचे लहान डायनोसॉर काढतो. खोली आमच्याकडे आहे. या धंद्यात मी एवढे शिकले: ज्या पुस्तकावर सगळ्यांचे एकमत होते ते एका मीटिंगमध्ये संपते, त्यामुळे गट टिकवायचा असेल तर कुणीच न नेलेली पिशवी उचलावी.

त्या गुरुवारी खुर्च्या आवरताना मिस इव्हलिन माझ्याजवळ थांबल्या. खिडकीतून त्या पार्किंगकडे पाहत होत्या. काकू ते भांडे छातीशी धरून रश्मीच्या गाडीत बसत होत्या.

"आता ते भरून येणार," मिस इव्हलिन म्हणाल्या.

"हो."

"आणि मग मला पुन्हा ते रिकामं पाठवता येणार नाही."

"नाही."

त्या माझ्याकडे वळल्या.

"फॉरेव्हर?"