हातावरचं दही

व्हिसाच्या रांगेत माझ्या पुढच्या काकूंच्या बोटांचे ठसे मशीन काही केल्या घेईना.

"काकू, हाताला काय लागलंय?" काउंटरवरची मुलगी वैतागली.

"दही-साखर गं. निघताना सासूबाईंनी हातावर ठेवली. अंथरुणावर असतात. म्हणाल्या, परत येशील ना?"

मुलीने कागदी रुमाल पुढे केला. काकूंनी एकेक बोट सावकाश पुसलं, जिवावर आल्यासारखं.

मी हातातली फाईल उगाच चाळली. मी परत येणार हे व्हिसा देणाऱ्यांना पटावं म्हणून तिसऱ्यांदा कागद जमवले होते. घराचे, पेन्शनचे, बँकेचे. शिक्के सगळ्यांवर होते. वाट बघणारं कुणी आहे, असं एकातही नव्हतं.

आज सकाळी मी घराचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि निघालो.