शुभाकाकूंचा दम

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत गणपतीच्या आरतीला लांब स्वर कोण सर्वांत जास्त ताणतं, यावर आमच्यात चुरस असते. जिंकतात शुभाकाकूच. मूळच्या नागपूरच्या, शाळेच्या लायब्ररीत नोकरी, वय एकोणसाठ.

यंदाही एकेक जण गळाला. काकू एकट्या उरल्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, टाळ्या चालू. आवाज मात्र येत नव्हता. मग ओठ निळे पडले आणि त्या मटकन खाली बसल्या.

"मीच जिंकले ना? मी थांबलेच नाही. मला ऐकू येत होतं की!"

"हट्टी आहे नुसती," त्यांचे यजमान उल्हासकाका हसले. मी नाही हसले. मी डॉक्टर नाही, पेशंटांच्या बाजूनं हॉस्पिटलशी भांडायचं हे माझं काम. पण निळे ओठ मला कळतात.

काकूंना धाप लागते म्हटलं की दोन वर्षं डॉक्टर ऐकवत होते: दमा, वजन, टेन्शन. सगळं खुर्चीत बसवून तपासलेलं! आणि काकूही कसल्या. जिन्यात धाप लागली की भिंतीवरचे फोटो बघत उभ्या राहायच्या. विचारलं की 'फाइन'.

आरतीचा व्हिडिओ घेऊन मी काकूंसोबत डॉक्टरांकडे गेले.

"अँक्झायटी," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"अँक्झायटीनं ओठ निळे होतात? बघा हे!"

त्यांनी दोनदा बघितलं. मग काकूंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून स्वतः त्यांना कॉरिडॉरमध्ये चालवलं. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी.

स्कॅनमध्ये फुफ्फुसं कुरतडल्यासारखी दिसली. जिथे रक्त पोचत नव्हतं, तिथे चित्रच नव्हतं. रक्ताच्या जुन्या गुठळ्या, बहुधा पायातून वर गेलेल्या.

"पाय कधी सुजला होता?" डॉक्टरांनी काकूंना विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी नागपूरहून येताना, विमानात. तेल चोळलं, उतरला."

"मला का नाही सांगितलंस?" काका ओरडले.

"तुमची मॅच चालू होती."

सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन नाही केलं, तर हृदय थकत थकत बंद पडेल. केलं, तर शरीर गार करायचं, हृदय थांबवायचं, वीस मिनिटं रक्तसुद्धा थांबवायचं आणि गुठळ्या सोलून काढायच्या.

"त्या वीस मिनिटांत मी कुठे असते?" काकूंनी विचारलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "माहीत नाही."

"दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी डॉक्टर असं म्हणाला. द्या पेन."

काकूंनी सही केली. काकांनी त्यांचा हात धरला आणि दचकून सोडला.

"किती गार पडलीयस गं," ते म्हणाले.