शिवेवर बसलेले महादेवराव मास्तर

महादेवराव मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकासाठी लिहा म्हणून गौरव समितीची माणसं माझ्या दारात दोनदा आली. साखर अजून मापून मिळते, तरी दोन्ही वेळा गोड चहा घेतला, आणि उठताना सांगून गेली, "आजी, मास्तरांबद्दल चांगलं तेवढंच लिहा." ज्याच्याबद्दल चांगलं लिहा म्हणून माणसं पाठवावी लागतात, त्याच्याविषयी मला आधी शंका येते. मग ज्यांनी माणसं पाठवली त्यांच्याविषयी येते. मी दुसरी इयत्ता शिकलेली बाई. माझं ऱ्हस्वदीर्घ कुणाला दुरुस्त करायचं असेल तर करा, मजकुराला हात लावू नका. छापून आल्यावर मी नातीकडून वाचून घेणार आहे.

हे बोलून झालं. आता सर्व मंडळींना नमस्कार.

महादेवराव मास्तर पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आले ते लढाईच्या दिवसांत, कोरेगावात. माझा मुलगा पलटणीत होता, समुद्रापलीकडे. त्याची थोरली मुलगी शकू बारा वर्षांची. सून तान्ह्या पोरात गुंतलेली. जाताना मुलगा एवढंच म्हणाला होता, "आये, शकूला तुज्या हवाली केलीया." म्हणजे तिला काही झालं तर जाब मी द्यायचा.

मास्तर शकूला मागायला आले होते. लग्नासाठी नव्हे, रानशाळेसाठी. थंडीच्या सुट्टीत शाळेची मुलं साताऱ्याच्या पश्चिमेला जावळीच्या डोंगरात न्यायची, झाडं ओळखायला शिकवायचं, पाणी शोधायला, तीन दगडांवर रांधायला शिकवायचं, असा त्यांचा बेत. त्या वर्षी मुलींनाही नेणार होते. मी विचारलं, घरात चूल असताना चूल शिकायला डोंगरात कशाला? मास्तर हसले. हसणारा मास्तर मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून मला जास्तच संशय आला.

त्यात माझ्या कानावर आलेलं की हे गृहस्थ महिनाभर त्या डोंगरातल्या वाड्यांतून फिरताहेत, गावोगावच्या पाटलांना भेटताहेत. दिवस चळवळीचे होते. भूमिगत पोरं रानात, पोलीस त्यांच्या मागं. मी सरळ विचारलं.

"मास्तर, तुमी भूमिगतांचं काम करता व्हय?"

"करत असतो तर काकी, तुम्हाला सांगितलं असतं का?"

"मग न्हाई म्हणून तरी सांगा."

"नाही म्हटलं तर विश्वास ठेवाल?"

"न्हाई."

"मग असं करा, पोरीबरोबर तुम्हीच चला. स्वयंपाकाला बाई पाहिजेच आहे, माझ्यावर लक्षही राहील."

अशी मी रानशाळेत गेले. मास्तरांवर नजर ठेवायला गेले आणि भाकऱ्या थापत बसले, यात कुणाचा डाव साधला ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मास्तर गावोगाव का फिरले होते ते वर गेल्यावर कळलं. डोंगरात पोर पडलं, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर खाली मोटारीच्या सडकेपर्यंत आणायचं कसं, याची ती सारी तयारी होती. त्या भागात आजाऱ्याला डोलीत घालून नेतात. मजबूत बांबू, त्याला घोंगड्याची झोळी, आणि चार माणसं. रीत अशी की एका गावचे डोलीवाले आपल्या शिवेपर्यंतच नेतात. शिवेवर पुढच्या गावची चार माणसं उभी असतात, तिथं खांदा बदलतो. दुसऱ्याच्या शिवेत पाऊल टाकायचं नाही. मास्तरांनी वाटेवरच्या प्रत्येक गावात जाऊन पाटलाचा शब्द घेतला होता, चार चार नावं पक्की केली होती, आणि वरच्या टेकाडावर शिंग फुंकलं की खालच्यांनी आपल्या शिवेवर येऊन थांबायचं, असं ठरवलं होतं. शिकलेली माणसं सहलीला जाताना फराळाचा विचार करतात. मास्तरांनी पोर पडण्याचा विचार आधी केला. मला तेव्हा ते अपशकुनी वाटलं, आणि तसं मी तोंडावर बोलले.

पोर पडली ती माझीच. कड्याखाली झऱ्यावर मुली पाण्याला गेल्या होत्या, शकूचा पाय शेवाळावरून सुटला. उजवी मांडी मोडली. मास्तरांनी आपला पटका सोडला, बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि शिंग फुंकायला माणूस टेकाडावर पिटाळला. बाकीची मुलं धाकट्या गुरुजींच्या हवाली केली. वरच्या वाडीचे चौघे डोली घेऊन आले तेव्हा माझी तव्यावरची भाकरी तशीच करपत होती.

आम्ही निघालो. मास्तर डोलीबरोबर चालत होते, मधूनमधून शकूच्या पावलाला हात लावून बघत होते. पाऊल गरम आहे का, एवढंच. पुढं पुढं त्यांनी हात लावणं सोडलं आणि डोलीवाल्यांना घाई करायला लागले. मला कळलं, पाऊल गार पडत चाललं होतं. मीही पाय उचलले. सडकेवरून सुटणारी मोटार लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या धुरावर चालायची, तिची वेळ दुपारची, ती गेली की दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही.

वाडीच्या देवळापाशी डोलीवाले थांबले. देवीच्या पायावरचा हिरवा खण आणून त्यांनी डोलीच्या बांबूला बांधला, लिंबाच्या डहाळ्या खोचल्या, आणि उन्हासाठी वरून लुगडं टाकलं. त्यांची ती रीत, पोरीची राखण व्हावी म्हणून. कुणी अडवलं नाही, मास्तरांनीही नाही. गडबडीत सगळ्यांना ते बरंच वाटलं.

पुढच्या शिवेवर खालच्या गावची माणसं उभी होती. मास्तरांनी ठरवलेले चौघे तिथं होते, पण त्यांच्या हातात काठ्या होत्या.

झालं होतं असं. आदल्या पावसाळ्यात त्या मुलखात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा करतं, हिरवा खण, लिंबाचा पाला घालून तो वाजतगाजत पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडतं. रोग तिकडं जावा म्हणून. वरच्या वाडीनं गाडा ह्याच शिवेवर आणून सोडला होता, आणि त्यानंतर खालच्या गावात माणसं गेली. आता तीच वाडी, तोच खण, तोच पाला, आणि वर झाकलेलं काहीतरी. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा काठी घेतली असती.

पाटील पुढं येऊन म्हणाले, "मास्तर, शब्द दिला हुता खरा. पण आजाऱ्याला खांदा देऊ म्हणालो हुतो, मरीआईला न्हाई."

"पोरीची मांडी मोडली आहे, पाटील. लुगडं काढतो, बघा."

"लांबनंच बोला. आत काय हाय कुणाला ठावं?"

मी ओरडले, "आरं, माजी नात हाय ती! ये की म्होरं, बघ डोळं उघडून!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "बाई, त्यावेळीबी असंच म्हणलं हुतं वाडीवाल्यांनी. रिकामा गाडा हाय म्हणलं."

आमचे वाडीवाले उसळले, "आमी का मुद्दाम आणली व्हय रं?" झालं. पोर झोळीत कण्हतेय, आणि चार पावलांच्या अंतरावर दोन गावं गेल्या पावसाळ्याचं भांडण भांडताहेत.

मास्तरांनी त्या भांडणात एक शब्द घातला नाही. डोलीपाशी आले, खण सोडला, डहाळ्या उपसल्या, लुगडं काढून माझ्या हातात दिलं. मग खण स्वतःच्या गळ्यात बांधला, पाला पुढ्यात ठेवला, आणि शिवेच्या धोंड्याला टेकून जमिनीवर बसले.

"पाटील, यात काही असलं तर ते आता माझ्यापाशी आहे. मी इथून हलत नाही. पोरीला जाऊ द्या. तुमच्या गावात कुणाला काही झालं तर मी इथं बसलोय."

"आन झालंच कुणाला, तर तुमचं काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा."

पाटलांनी आपल्या माणसांना मानेनं खूण केली. मग चौघांनी काठ्या टाकल्या आणि डोली उचलली. मी मागं वळून पाहिलं तर मास्तर चपला काढून नीट जोडीनं ठेवत होते. मोटार आम्हाला मिळाली.

माझ्या मनात तेव्हा काय आलं तेही लिहिते, कारण हे पुस्तक खऱ्यासाठी असेल तर त्यात खरंच असावं. मला वाटलं, माणूस हुशार आहे. इस्पितळात डॉक्टर विचारील, शाळेत पंच विचारतील, पोरीचा बाप पत्रातून विचारील, त्या सगळ्यांपासून सुटायला शिवेच्या धोंड्यापाशी जागा बरी सापडली. या संशयाचं मला आजही वाईट वाटत नाही. पोर माझ्या हवाली होती.

साताऱ्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी पाय सरळ केला. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता. इकडं कोरेगावात बोभाटा झाला होता की पोरगी मोडून मास्तर फरार झाले. बोलणाऱ्यांत कोण कोण होतं ते मला माहीत आहे. त्यातले काही आज समितीवर आहेत, नावं लिहीत नाही, त्यांनी चहा घेतलाय माझा.

शकूपाशी सुनेला बसवून मी परत डोंगरात गेले. मास्तर खरंच तिथं आहेत का, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. आठवडी बाजार येऊन गेला होता, दुसरा तोंडावर आला होता. मास्तर तिथंच होते. दाढी वाढलेली, गळ्यात तो खण, आणि गावची पोरं शिवेच्या पलीकडं बसून त्यांना कोडी घालत होती. मास्तरांना एकही सुटत नव्हतं.

मला बघून पहिला प्रश्न, "पाय सरळ बसला?"

"बसला. तुमी का बसलाय अजून?"

"पाटलांनी ऊठ म्हटलं नाही."

"आन वरीसभर म्हणलं न्हाई तर?"

"तर शाळेत रजेचा अर्ज द्यावा लागेल."

बाकीचं मला मास्तरांनी सांगितलं नाही, पाटलांच्या बायकोनं सांगितलं. ती रोज लांबच्या दगडावर भाकरी ठेवून जायची. म्हणाली, "आवं आक्का, रोज सकाळी वाटायचं, आज गेला आसंल पळून. गेला आसता तर आमी सुटलो आसतो." मधे एका घरातल्या पोराला जुलाब लागले. सगळा गाव काठ्या घेऊन शिवेवर आला. मास्तर उठले नाहीत, पळाले नाहीत, एवढंच विचारलं की पोरानं सकाळपासून काय खाल्लं. कुणी सांगेना. शेवटी पोराच्या आजीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा कबूल झालं, शेजारच्या मळ्यातले कच्चे पेरू चोरून खाल्ले होते. लोक काठ्या लपवत परत गेले. हे ऐकलं तेव्हा मी त्या बाईपाशी खाली बसले. पेरूचं झाड त्या मळ्यात नसतं तर काय झालं असतं, हे तिलाही माहीत होतं.

त्या दिवशी मी पाटलांशी भांडले आणि मास्तरांना उठवून घेऊन आले. उठताना त्यांचे गुडघे धरले होते. ते तेव्हापासून धरलेलेच आहेत.

यानंतर शहाण्या माणसानं रानशाळा बंद केली असती. मास्तर पुढच्या थंडीआधी पुन्हा त्याच गावांतून फिरले, आणि नवं ठरवून आले. डोलीवर काही झाकायचं नाही, काही बांधायचं नाही, आजाऱ्याचं तोंड उघडं. खालच्या गावानं आपली एक जाणती बाई शिवेवर पाठवायची, तिनं आधी आजाऱ्याला बघायचं, मग खांदा. वरच्या वाडीला खण बांधायचाच असेल तर तो मास्तरांच्या दंडाला बांधावा. वाडीवाल्यांनी ते मान्य केलं. त्यानंतर दोन वेळा डोली खाली आली, कुठं अडली नाही.

या पुस्तकात इतर लोक लिहितील की मास्तर निर्भय आहेत. चूक आहे. विंचवाला ते लहान पोरासारखे भितात, अंथरूण झटकून झटकून फाडतात. प्रार्थना म्हणतात ती ऐकवत नाही. हट्टी आहेत. आपल्या चुकीवर तास तास बोलतात, दुसऱ्याच्या चुकीवर बोलायला लावलं तर झाडाकडं बघत बसतात. लढाई संपून माझा मुलगा घरी आला तेव्हा त्यानं शकूची चाल पाहिली, थोडी लचकते ती, आणि उठून मास्तरांच्या घरी गेला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला आजवर सांगितलं नाही, त्यामुळं त्याबद्दल माझा संशय कायम आहे. पण मुलानं धाकट्या पोराचंही नाव रानशाळेत घातलं.

मास्तरांना साठ वर्षं पुरी झाली. त्यांनी भरपूर जगावं. दात राहावेत, डोळे राहावेत, गुडघ्यांना तेल चोळणारं कुणी मिळावं, आणि डोंगराचा वारा त्यांना अजून पुष्कळ थंड्या खायला मिळो. देवाकडं मी सहसा काही मागत नाही, हे मागते.

आता मास्तरांच्या सत्काराच्या समारंभाविषयी. पुढच्या थंडीत मुलं वर जाणारच आहेत, आणि मास्तरांना आता जमिनीवर बसलं की उठता येत नाही. कुठल्यातरी शिवेवर पुन्हा कुणाची तरी पोर अडेल. तेव्हा तिच्यासाठी खाली कोण बसणार? मास्तरांनी याचं उत्तर द्यायचं नाही, ते लगेच "मी" म्हणतील. हार घेऊन जे व्यासपीठावर चढतील, त्यांनी हार घालायच्या आधी, एकेकानं, ते उत्तर आपलं नाव घेऊन द्यावं. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.