दादाचं ताट

माझं तोंड फटकळ. गंगाखेडकडच्या आमच्या दवाखान्यात नवी बाई आली की जुन्या तिला आधीच सांगून ठेवतात, सिस्टर ओरडती, मनावर घेऊ नको.

अशीच एक बाई आली तेव्हा मी ओरडलेच. सोबत नऊ-दहा वर्षांची पोरगी, दारातल्या पायऱ्या चढूनच धापा टाकणारी, आणि मान सोलून लाल. मानेवरचा काळा मळ निघंना म्हणून आईनं पाय घासायच्या वजरीनं घासली होती!

"अगं बाई, मळ न्हाई तो! वजन लय वाढलं की मान अशी काळी पडती."

बोटातलं रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टरांनी बजावलं, वजन उतरलंच पाहिजे, नाहीतर याच वयात साखरेचा आजार जडेल. आमच्याकडे आहारतज्ज्ञ कुठून असणार? काय खायचं, किती खायचं, हे समजावणारी मीच. ताटात निम्मं वाढ म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात वजन आणखी वाढलेलं. माझं डोकंच सणकलं. "पोरीचा जीव घेतीस का?"

आईच्या आधी पोरगीच बोलली, "आई मला निम्मंच वाढती. पण दादाचं ताट बी मलाच खावं लागतंय ना."

दादा तिच्या जन्माआधीच गेलेला. चार वर्षांचा, नुसता हाडांचा सापळा. आई अजून रोज त्याचं ताट वाढायची, आणि अन्न टाकायचं नाही म्हणून बहीण ते संपवायची.

"ह्याच दवाखान्यात मला सांगितलं व्हतं, पोराला खाऊ घाल," आई म्हणाली. "तवा घरात न्हवतं. आता हाय, तर नको म्हणता?"

"गाईला घाल ते ताट," मी कशीबशी म्हणाले.

"गाय काय त्याची बहीण हाय?"

"न्हाई. पण ही तुझी लेक हाय ना? हिला तरी जगव."

ती पोरीला घेऊन गेली.

दिवाळीनंतर दोघी पुन्हा आल्या. वजन चांगलंच उतरलं होतं! मी आनंदानं टाळी वाजवली, पोरगी लाजून हसली. आई मात्र भिंतीकडे तोंड करून उभी.

"काय झालं गं?"

"गाल उतरले तिचे, सिस्टर. आतून त्याचंच तोंड निघायलंय. तीच हनुवटी, तेच डोळे. जेवायला बसली की मला तोच दिसायलाय, उपाशी."

मला रडू आवरेना. पण साखर अजून वरच होती.

"आणखी उतरू दे," मी म्हणाले.