पंगतीतला आग्रह

नागपूरच्या आमच्या गल्लीत लग्न कुणाचंही असो, पंगतीत आग्रह करण्याचं खातं आमच्या एका शेजाऱ्यांकडेच असे. खांद्यावर पंचा, हातात जिलबीचं ताट आणि आवाज थेट सभापतीचा. "अजी, लाजून काहून राहिले?" म्हणत ते भरल्या पानावर आणखी दोन टाकत. नाही म्हणण्याचा अधिकार त्यांनी कुणालाच दिला नव्हता.

मग त्यांच्याच लेकीला गहू बंद झाला. गव्हामैद्याचा कणही तिच्या आतड्यांना सोसत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचं लग्न ठरतानाच शेजाऱ्यांनी हे सासरी सांगितलं होतं, पण विहीणबाईंना ते पोरीचे नखरे वाटले.

लग्नाच्या पंगतीत विहीणबाई सुनेला घास भरवायला उठल्या, त्या जिलबी घेऊनच. पोरगी पांढरी पडली. सासूचा पहिला घास नाकारायचा कसा?

"एका घासानं काय होते वं?"

"खाटेवर पडते ते!" म्हणत आमचे शेजारी मध्ये घुसले आणि वाकून ती जिलबी त्यांनी स्वतःच तोंडात घेतली. व्याह्यानं विहिणीच्या हातचा घास खाल्ला! पंगतीत शिट्ट्या वाजल्या. विहीणबाईंनाही हसू आवरेना.

"मंग इले चालते तरी काय?"

"ज्वारीची भाकर."

लेकीच्या पानावर ती होतीच. विहीणबाईंनी जिलबीचाच हात त्या भाकरीकडे नेला, तोच शेजाऱ्यांनी तांब्या पुढे केला.

"आधी हात धुवा, विहीणबाई."

विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि दोन्ही हात पाण्याखाली धरले.